निरोप्याचा हिरवा दिवा

एक कोडं आहे. एकाने दुसऱ्याला निरोप सांगितला. सांगणारा एकही शब्द विसरला नाही. ऐकणारा समोरच बसला होता, त्याचे कान ठणठणीत होते, आणि दोघांपैकी कुणीही खोटं बोललं नाही. तरीही निरोप पोचला नाही. मग तो मधल्यामध्ये गेला कुठे?

हे कोडं चैत्राली मानेला पडलं, तेव्हा ती कृष्णाकाठच्या एका बालरुग्णालयात उजवा पाय सांधपट्ट्यात (मोडलेल्या हाडाला बारीक कंपनं देऊन ते लवकर जोडणाऱ्या पट्ट्यात) अडकवून पडली होती. पाय कसा मोडला असं कुणी विचारलं की ती लगेच विषय बदलायची. खरी गोष्ट अशी की शेजारच्या गच्चीवर उतरलेला टपालाचा ड्रोन पकडायला तिने कठड्यावरून उडी मारली होती. ड्रोन त्याच्या वाटेने निघून गेला आणि चैत्राली इथे आली.

वॉर्डात तिची सगळ्यांत लाडकी होती दुपारच्या पाळीची सिस्टर लोखंडे. सिस्टरांचा हात इतका हलका की सुई टोचली तरी कळायचं नाही, आणि वेणी इतकी घट्ट घालायच्या की दोन दिवस सुटायची नाही. कोण रात्री घाबरतं, कुणाला दुधावरची साय चालत नाही, हे सगळं त्यांना पाठ होतं. वॉर्डातली पोरं त्यांच्या पाळीची वाट बघत बसायची.

दुसरा सगळ्यांचा आवडता होता निरोप्या. निरोप्या म्हणजे चाकांवर फिरणारा, कमरेएवढ्या उंचीचा पांढरा यंत्रमानव. त्याचं काम एकच, ओव्हर देणं. एका पाळीच्या सिस्टर घरी जाताना प्रत्येक पेशंटची हकिकत पुढच्या पाळीच्या सिस्टरांना सांगून जातात, त्याला रुग्णालयात ‘ओव्हर देणं’ म्हणतात. पूर्वी सिस्टर हे आपापसात बोलून करायच्या. निरोप्या आल्यापासून जाणारी सिस्टर सगळं त्याला सांगायची आणि तो येणाऱ्या सिस्टरला म्हणून दाखवायचा. त्याच्या डोक्यावर एक दिवा होता. निरोप सांगताना तो पिवळा असायचा आणि निरोप पोचला की हिरवा व्हायचा. आपल्या स्मरणशक्तीचा निरोप्याला भारी अभिमान होता. “मी आजवर एकही शब्द विसरलेलो नाही,” असं तो दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचाच.

आता त्या दिवशी काय झालं ते ऐका. चैत्रालीला सलाइनच्या नळीतून एक नवं औषध सुरू झालं होतं, सकाळ-संध्याकाळ. सकाळच्या औषधानंतर तिच्या हातावर लाल चट्टे उठले. सिस्टर अफसानांची सकाळची पाळी होती. त्यांना लगेच ॲलर्जीचा (शरीराने एखाद्या पदार्थाला उगाचच शत्रू समजून त्याच्याशी लढाई सुरू करण्याचा) संशय आला. डॉक्टरांनी पाहीपर्यंत हे औषध द्यायचं नाही, असं त्यांनी निरोप्याला बजावलं. दुपारी निरोप्याने वॉर्डाच्या दाराशी, टेबलाजवळ, सिस्टर लोखंडेंना ओव्हर दिली. दिवा हिरवा झाला. आणि संध्याकाळी चैत्राली गाढ झोपलेली असताना सिस्टर लोखंडेंनी तेच औषध नळीतून दिलं.

चैत्राली जागी झाली ती घसा आवळल्यासारखा वाटून. ओठ सुजले होते, श्वास पुरत नव्हता. सिस्टर लोखंडेंनी तिच्याकडे एकदा पाहिलं, नळी बंद केली, डॉक्टरांना हाक मारली आणि स्वतःच्या हाताने त्यावरच्या उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने सूज उतरली. तोवर सिस्टरांनी तिचा हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशी झाली. मेट्रन बावडेकर मॅडम, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख, शिस्तीच्या होत्या, पण दुष्ट नव्हत्या. त्यांनी दोघांनाही समोर घेतलं. सिस्टर लोखंडे म्हणाल्या, औषध बंद केल्याचं मला कुणी सांगितलंच नाही. निरोप्या म्हणाला, मी सांगितलं. मग त्याने कालची ओव्हर जशीच्या तशी पुन्हा म्हणून दाखवली. त्यात ते वाक्य होतं आणि त्या वाक्याला दिवाही हिरवा झाला होता. मॅडमनी ती ओव्हर पुन्हा एकदा म्हणवून घेतली. शेवटी त्यांनी सांगितलं की शनिवारी निर्णय होईल, पण सिस्टरांनी औषधांच्या गोदामात बदली होण्याची मनाची तयारी ठेवावी. तिथे खोकी असतात, पोरं नसतात.

सिस्टर लोखंडे चैत्रालीच्या खाटेपाशी आल्या आणि तिची वेणी घालायला लागल्या. या वेळी वेणी सैल पडली.

“मी खोटं कशाला बोलू गं चैतू?” त्या म्हणाल्या. “कानावर आलं असतं, तर हात लावला असता का मी त्या औषधाला?”

चैत्रालीचा त्यांच्यावर पुरता विश्वास होता. पंचाईत अशी की निरोप्याला खोटं बोलताच येत नाही, हेही तिला ठाऊक होतं. दोघंही खरी. मग खोटं होतं तरी काय? ती डोळे मिटून कालची दुपार आठवू लागली. ओव्हरच्या वेळी ती जागीच होती. निरोप्या संथ सुरात बोलत होता: पडदे धुवायला गेले, पंखा दुरुस्त झाला, बेड पाचची चादर बदलली. टेबलावरचा फोन वाजत होता. कुणाची तरी आई चहाचं विचारत होती. आणि बेड नऊवरचा मिहीर, चार वर्षांचा, ऑपरेशनची वाट बघणारा, आपला कापडी हत्ती डोक्यावर धरून खुणेनेच विचारत होता, की याला ऑपरेशनला बरोबर नेऊ का? सिस्टरांनी त्याच्याकडे बघून हसून मान डोलावली होती.

चैत्रालीने खाडकन डोळे उघडले. निरोप्याला जवळ बोलावून तिने विचारलं, निरोप पोचला हे तुला कळतं कसं?

“सोपं आहे,” निरोप्या म्हणाला. “समोरच्याची मान हलली की निरोप पोचला.”

सापडलं! ती मान निरोप्यासाठी हललीच नव्हती, ती मिहीरच्या हत्तीसाठी हलली होती. चैत्रालीला इतका आनंद झाला की सांधपट्ट्यासकट उठून धावावंसं वाटलं. मेट्रन मॅडम फेरीवर आल्या तशी तिने सगळं एका दमात सांगून टाकलं. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्या हळूच म्हणाल्या, की बाळ, मग तर सिस्टरांचं ओव्हरकडे लक्ष नव्हतं, हेच पक्कं झालं.

मॅडम पुढच्या खाटेकडे गेल्या आणि चैत्रालीला रडू फुटलं. वाचवायला गेली होती सिस्टरांना आणि उलट तिनेच त्यांच्या विरुद्ध साक्ष दिली होती.

भेटीच्या वेळी अप्पा आले तेव्हा तिचे डोळे लालच होते. अप्पा म्हणजे तिचे आजोबा. उभी नोकरी त्यांनी एका मोठ्या अँटेनाखाली (आकाशातून येणारे रेडिओ संदेश पकडणाऱ्या थाळीखाली) काढली होती. दूरदूरच्या यानांशी बोलणं हेच त्यांचं काम. चैत्रालीने त्यांना सगळी हकिकत सांगितली. निरोप्याही शेजारी येऊन उभा राहिला, कारण आपल्यावर आळ आलाय असं त्यालाही वाटत होतं. अप्पांनी पिशवीतून चिवड्याचा डबा काढला, तिच्या हातात दिला आणि ती झाकण उघडत असताना ते आरामात बोलत राहिले. आई उद्या उशिरा येणार आहे, गच्चीवरची मोगऱ्याची कुंडी आत घेतली आहे, आणि गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. चैत्राली चिवड्यातले शेंगदाणे वेचत मान डोलवत होती.

“काय सांगितलं मी?” अप्पांनी विचारलं.

आई उद्या उशिरा येणार, चैत्राली म्हणाली. कुंडीचं काहीतरी. आणि... तिने खाली पाहिलं. उशी गुडघ्याखालीच होती.

“आता सांग, माझ्याकडे तुझं लक्ष नव्हतं म्हणून तू वाईट मुलगी ठरतेस का?” अप्पा म्हणाले. “की माझी सांगायची रीतच कच्ची होती?”

मग त्यांनी उशी काढली, खुर्ची जवळ ओढली आणि समजावायला सुरुवात केली. पहिली गोष्ट गोंगाटाची. शास्त्रज्ञ निरोपात मिसळणाऱ्या प्रत्येक नको असलेल्या गोष्टीला गोंगाट (कानांना ऐकू येवो न येवो, खरा निरोप झाकून टाकणारी भेसळ) म्हणतात. सूर्यसुद्धा रेडिओ लहरी सोडत असतो, त्यामुळे यानाचा बारीक आवाज त्यात बुडून जातो. वॉर्डातला फोन हा गोंगाट, चहाची चौकशी हा गोंगाट, आणि मिहीरचा हत्तीसुद्धा ओव्हरपुरता गोंगाटच.

“माझा आवाज अतिशय स्पष्ट आहे,” निरोप्या मध्येच म्हणाला.

अप्पा हसले. त्यांनी त्याला विचारलं, की चैत्रालीचं औषध बंद, हे सांगण्याआधी तू काय काय सांगितलंस? निरोप्याने पडदे, पंखा, चादर असं सगळं म्हणून दाखवलं, त्याच संथ सुरात. म्हणजे बघ, अप्पा म्हणाले, जीवाशी गाठ असलेली गोष्ट आणि पडद्याची गोष्ट तू एकाच मापाने सांगितलीस. इथे तर तूच गोंगाट केलास. निरोप्याच्या डोक्यावरचा दिवा क्षणभर मालवला. आपण काहीतरी चुकू शकतो, ही त्याला अगदी नवीन माहिती होती.

“आता दुसरी गोष्ट,” अप्पा म्हणाले आणि त्यांनी चैत्रालीच्या तळहातावर बोटाने एक कमान काढली. मी पृथ्वीवरून यानाला सांगतो, जरा डावीकडे वळ. हा निरोप इथून तिथे गेला. पण हे झालं अर्धंच वर्तुळ. निरोप बरोबर गेला की वाटेत मोडला, ते मला कळायचं कसं? यान फार लांब, त्याची मान काही मला दिसत नाही. म्हणून यान आधी वळत नाही. ते आधी मला उलट सांगतं, की मला डावीकडे वळ असं समजलंय. त्यांनी बोट फिरवून दुसरी कमान काढली, वर्तुळ पुरं केलं. या उलट येणाऱ्या उत्तराला प्रतिपुष्टी (ऐकणाऱ्याला काय समजलं याची सांगणाऱ्याकडे परत येणारी खबर) म्हणतात. मी ते ताडून बघतो. जुळलं तर म्हणतो, कर. नाही जुळलं तर पुन्हा सांगतो.

“आणि मान हलली तर?” चैत्रालीने विचारलं.

“मान एवढंच सांगते की मान हलली. आत काय पोचलं, ते ती सांगत नाही.”

चैत्राली आपल्या तळहाताकडे बघत राहिली आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. निरोप कुठे गेला नव्हताच. तो अर्ध्या वर्तुळाच्या टोकाशी येऊन गळून पडला होता, आणि निरोप्याने तिथेच हिरवा दिवा लावला होता. कुणीच खोटं नव्हतं. खोटा होता तो हिरवा दिवा.

“म्हणजे मी फक्त बोलत होतो,” निरोप्या सावकाश म्हणाला. “ते पोचतंय का, ते मी कधी पाहिलंच नाही.”

आपली रीत बदलायला निरोप्या तयार झाला, पण त्याला मेट्रनची परवानगी लागत होती. चैत्रालीने दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमना गाठलं. या वेळी ती रडली नाही आणि घाईही केली नाही. एकच ओव्हर, तिने विनवलं, एकदाच नव्या रीतीने करून बघा: टेबलापाशी नको, प्रत्येक खाटेपाशी जाऊन, काळजीची गोष्ट आधी, पडदे शेवटी, आणि ऐकणाऱ्याने आपल्या शब्दांत उलट सांगितल्याशिवाय हिरवा दिवा नाही. मॅडमना हे पोरखेळासारखं वाटलं असावं. पण त्या न्यायाला पक्क्या होत्या.

“ठीक आहे. आज दुपारची ओव्हर मी स्वतः घेते,” त्या म्हणाल्या. “लक्ष देऊन ऐकणारं माणूस असलं की उलटसुलट काही लागत नाही, तेही मग तुला दिसेल.”

दुपारी वॉर्डात कधी नव्हे ती शांतता होती. पोरं खाटांवर उठून बसली होती. सिस्टर लोखंडे एका कोपऱ्यात हात बांधून उभ्या होत्या, चेहरा उतरलेला. सिस्टर अफसाना आणि निरोप्या पुढे, मेट्रन मॅडम समोर. पहिल्या काही खाटा झरझर झाल्या. निरोप्या सांगायचा, मॅडम नेमकं उलट सांगायच्या, दिवा हिरवा व्हायचा. मॅडम खरंच एकही शब्द सोडत नव्हत्या. उलट सांगणं लागतच नाही, हेच त्या सिद्ध करत होत्या.

मग बेड नऊ. मिहीर हत्ती पोटाशी धरून बसला होता.

“मिहीर,” निरोप्या म्हणाला. “काळजीची गोष्ट आधी. पायावर किंचित सूज आहे, म्हणून सलाइनचा वेग निम्मा केला आहे. ऑपरेशनसाठी त्याचं खाणंपिणं बंद आहे, त्यामुळे सलाइन चालूच ठेवायचं.”

त्याच वेळी मॅडमच्या मनगटावरचा फोन वाजला. ऑपरेशन विभागाचा होता. मॅडमनी एक क्षण तिकडे पाहिलं, तो बंद केला आणि निरोप्याकडे बघून मान डोलावली.

दोन दिवसांपूर्वी इथेच हिरवा दिवा लागला असता. आज तो पिवळाच राहिला.

“कृपया उलट सांगा, मॅडम,” निरोप्या म्हणाला.

“सूज आहे म्हणून मिहीरचं सलाइन बंद केलंय,” मॅडम ठामपणे म्हणाल्या.

“जुळलं नाही.”

मॅडमनी मिहीरकडे पाहिलं, मग त्याच्या नळीतून टपटपणाऱ्या थेंबांकडे. खाणंपिणं बंद असलेल्या चिमुरड्याचं सलाइनही दुपारभर बंद राहिलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“मी ऐकत होते,” त्या म्हणाल्या. “माझं मलाच वाटत होतं, मी नीट ऐकतेय.”

निरोप्याने पुन्हा सांगितलं. मॅडमनी उलट सांगितलं: वेग निम्मा, बंद नाही, चालूच ठेवायचं. दिवा हिरवा झाला आणि चैत्रालीला वाटलं, इतका सुंदर हिरवा रंग आपण जन्मात पाहिला नाही.

मॅडम मात्र पुढच्या खाटेकडे गेल्या नाहीत. त्या वळल्या आणि थेट कोपऱ्यात उभ्या असलेल्या सिस्टर लोखंडेंपाशी गेल्या. “सिस्टर, शनिवारपर्यंत थांबायचं कारण नाही,” त्या म्हणाल्या. “तुमच्या जागी मी असते तर माझ्या हातूनही तेच झालं असतं. उद्या दुपारची पाळी तुमची, याच वॉर्डात.”

सिस्टर लोखंडेंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

“उलट सांगू का मॅडम?” त्या म्हणाल्या. “उद्या दुपारची पाळी माझी. याच वॉर्डात.”

“जुळलं,” मॅडम म्हणाल्या.

मग जो काही दंगा झाला तो विचारू नका. पोरांनी टाळ्या पिटल्या, ताटं वाजवली, मिहीरने हत्ती वर फेकला आणि तो निरोप्याच्या डोक्यावर जाऊन बसला. शिस्तीच्या मॅडमनी त्या दिवशी कुणालाही गप्प बसवलं नाही. त्याच संध्याकाळी मिहीरचं ऑपरेशन झालं, उत्तम झालं, आणि हत्तीही त्याच्याबरोबर गेला होता.

त्यानंतर ही रीत एकेका वॉर्डात पसरत गेली. सिस्टर लोखंडेंनी तिच्यात आपली भर घातली: खाटेपाशी ओव्हर चालू असताना पेशंटलाही विचारायचं, काही राहिलं का? पोरं कधीकधी नेमकं राहिलेलंच सांगायची. रुग्णवाहिकेची माणसंही वर्तुळ पुरं केल्याशिवाय पेशंट सोडून जाईनाशी झाली. आणि निरोप्या आता आपल्या स्मरणशक्तीबद्दल बोलायचा नाही. “काय समजलं ते सांगाल का?” हेच त्याचं आवडतं वाक्य झालं होतं. अप्पा म्हणाले, उद्या मंगळावर दवाखाने निघतील, तिथेही सिस्टरांच्या पाळ्या बदलतील आणि हेच वाक्य ऐकू येईल. चैत्रालीने मनातल्या मनात तिथली एक पाळी स्वतःसाठी राखून ठेवली.

पायाचं हाड जुळलं आणि घरी जायचा दिवस आला. सिस्टर लोखंडेंनी आईला सगळं समजावून सांगितलं. आई पिशव्या भरता भरता हो हो म्हणत मान डोलवत होती.

“आई, उलट सांग,” चैत्राली म्हणाली. आईने सांगितलं, आणि गोळ्या जेवणानंतरच्या होत्या त्या जेवणाआधी झाल्या. सगळं जुळेपर्यंत निरोप्याने दोघींना दारातून हलू दिलं नाही.

मग सिस्टरांनी चैत्रालीची शेवटची वेणी घातली, अगदी घट्ट, आणि तिची हनुवटी वर केली.

“हे बघ चैतू, पेशंट म्हणून पुन्हा इथं यायचं नाही. कळलं का?”

चैत्रालीने नुसती मान डोलावली, पण दिवा पिवळाच होता. मग ती कशीबशी म्हणाली, “पुन्हा इथं यायचं नाही.”

“जुळलं नाही,” निरोप्या म्हणाला. “‘पेशंट म्हणून’ हे शब्द राहिले.”

चैत्राली रडता रडता हसायला लागली. तिने डोळे पुसले आणि ते वाक्य पुरं म्हटलं. दिवा हिरवा झाला, आणि पुढच्याच रविवारी ती चिवड्याचा डबा घेऊन वॉर्डात सगळ्यांना भेटायला हजर झाली.